‘भेटायला’ आणि ‘भेटण्याकडे’

संध्याकाळच्या मालिका सोडून चक्क व्याकरण ऐकायला आलेल्या श्रोतेहो,

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. या व्यासपीठावरून आजवर सहकारावर बोललं गेलं, संतांवर बोललं गेलं, पाण्यावर तर वरचेवर बोललं गेलं. पण ज्या विषयात त्यांचा खडू झिजला त्या विषयाची पाळी काही आली नाही. म्हणून मी आज एक अगदी छोटा विषय घेतला आहे. इतका छोटा, की पत्रिका छापताना संयोजकांनी मला फोन करून विचारलं, “एवढ्यावर तासभर होईल ना?” होईल. विषय असा : इंग्रजीत प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की त्याला आयएनजी का लागतं?

तुम्ही सगळ्यांनी हा नियम शाळेत ऐकलेला आहे. ‘बाय रीड’ नाही, ‘बाय रीडिंग’. ‘विदाउट टू टेल’ नाही, ‘विदाउट टेलिंग’. ‘बिफोर गो’ नाही, ‘बिफोर गोइंग’. नियम एका ओळीचा आहे. मग पन्नाशी ओलांडलेला, इंग्रजीतून नोकरी केलेला माणूससुद्धा पत्राच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं का लिहितो? आणि ते वाचताना त्याला काहीच खटकत का नाही? त्याला व्याकरण येत नाही, हे उत्तर सोपं आहे आणि खोटं आहे. त्याला व्याकरण येतं. ते मराठीचं आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच वाट दाखवतं. कुठे बरोबर दाखवतं आणि कुठे चकवतं, ते आज पाहू.

आधी प्रिपोझिशन म्हणजे काय ते. नावातच सांगितलं आहे, आधी ठेवलेला शब्द. कशाच्या आधी? नामाच्या. ‘ऑन द टेबल’, ‘इन पुणे’, ‘विथ मीठ’. आपल्याकडे हेच काम नामाच्या मागून होतं : टेबलावर, पुण्यात, मिठासकट. इंग्रजीत आधी, मराठीत नंतर, पण दोन्हीकडे एक गोष्ट पक्की, या शब्दाला नाम लागतं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होती. ती चौकट पुष्कळ ठिकाणी मराठीला घट्ट होते, अशी तक्रार पुढच्या वैयाकरणांनी केली, आणि ती रास्त आहे. पण या एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एकमेकींना चांगल्या ओळखतात.

आता मराठीत क्रियापदाला ‘साठी’ लावून पाहा. ‘कर’ला ‘साठी’ लावा. ‘करसाठी’? मराठी बोलणारं तीन वर्षांचं मूलसुद्धा असं म्हणणार नाही. ते म्हणतं ‘करण्यासाठी’. ‘जापूर्वी’ नाही, ‘जाण्यापूर्वी’. ‘बोलमुळे’ नाही, ‘बोलण्यामुळे’. म्हणजे आपण काय केलं? आधी ‘कर’चं ‘करणं’ केलं, म्हणजे क्रियापदाचं नाम केलं. मग त्या नामाचं सामान्यरूप केलं, ‘करण्या’. मग त्याला शब्दयोगी अव्यय जोडलं. शाळेत याला धातुसाधित नाम म्हणतात आणि ते दोन गुणांना येतं. घरात आपण ते दिवसातून शंभरदा वापरतो आणि त्याचे गुण कुणी देत नाही.

इंग्रजीत हेच होतं. ‘रीड’ हे क्रियापद. त्याला ‘बाय’च्या पुढे उभं राहायचं तर आधी नाम व्हावं लागेल. इंग्रजीत क्रियापदाचं नाम करायचं सगळ्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे आयएनजी. तेव्हा ‘बाय रीडिंग’. वाचण्यानं. या नामालाच जेरंड म्हणतात. नियम एवढाच. हा इंग्रजांनी आपल्याला छळायला काढलेला नाही. हिंदीत ‘करने के लिए’, ‘जाने से पहले’. तिथेही ‘करना’चं रूप आधी बदलतं. संस्कृतात ‘गन्तुम्’ हे रूप आहे, पण जाण्यापूर्वी म्हणायचं झालं तर ‘गन्तुम् पूर्वम्’ चालत नाही, ‘गमनात् पूर्वम्’ म्हणावं लागतं. लॅटिनचंही तसंच. वाचण्याकरता म्हणायचं तर ‘आद’ या प्रिपोझिशनच्या पुढे साधं क्रियापदरूप बसत नाही, ‘लेगेन्दुम’ असं खास रूप घ्यावं लागतं. त्या खास रूपाचं नाव जेरंडियम, आणि इंग्रजीतला ‘जेरंड’ हा शब्द तिथूनच आला.

पण सगळ्या भाषा असं करतात असं समजू नका. फ्रेंचमध्ये न बोलता म्हणायचं तर ‘सां पार्ले’, शब्दशः पाहिलं तर ‘विदाउट टू स्पीक’! पोर्तुगीजमध्ये जेवण्यापूर्वी म्हणजे ‘आंतेश द कुमेर’. तिथेही प्रिपोझिशनच्या पुढे सरळ इन्फिनिटिव्ह, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. म्हणजे १९६१ पूर्वी गोव्यात ज्यांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं, त्यांना इंग्रजीचा हा नियम शिकताना शाळेतली भाषा अडवणार आणि घरातली कोकणी-मराठी सोडवणार. पॅरिसच्या विद्यार्थ्यापेक्षा परभणीच्या विद्यार्थ्याला हा नियम सोपा जायला हवा. तो तसा जात नाही, कारण आपण तो मराठी बाजूला ठेवून शिकवतो.

मागच्या पिढ्यांकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिच्यावर हसण्याची फॅशन मध्यंतरी आली होती. तिच्यातली वाक्यं जुनाट आहेत, हे खरं. पण तिची पद्धत पाहा, मराठी वाक्य, समोर इंग्रजी वाक्य, आणि दोघांतला सांधा उघडा. मग रेन आणि मार्टिन यांचं इंग्रजी व्याकरण आलं. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या शिपायांवरची ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी १९२४ साली लिहिणारेही हेच रेन, पण वाळवंटातली ती धमाल त्यांच्या व्याकरणात काही उतरली नाही. त्या पुस्तकात नियम आहेत, व्याख्या आहेत, स्वाध्याय आहेत. मराठी मुलाच्या डोक्यात आधीपासून काय आहे याचा पत्ता नाही. तो असणारही नव्हता, कारण ते पुस्तक मराठी मुलासाठी लिहिलेलंच नव्हतं. पुढे २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. इंग्रजीची वर्षं वाढली. सांधा दाखवणारं मात्र कुणी वाढलं नाही.

बरं, आता आयएनजीकडे थोडं निवांत पाहू. हे जेरंड आहे मोठं मजेशीर. ते नाम आहे खरं, पण पुरतं नाम झालेलं नाही. अंगात क्रियापदाचे गुण शिल्लक आहेत. ‘बाय रीडिंग द लेटर’. इथे ‘रीडिंग’ प्रिपोझिशनच्या पुढे आहे म्हणून नाम, पण त्याला ‘द लेटर’ हे कर्म आहे म्हणून क्रियापद. नाम कधी कर्म घेतं का? ‘टेबल’ला कर्म असतं का? नाही. पण जेरंडला असतं.

यातही आश्चर्य वाटायला नको, कारण मराठीत तेच चालतं. ‘पत्र वाचण्यानं’. ‘वाचण्या’ला ‘नं’ लागला म्हणून ते नाम, आणि ‘पत्र’ त्याचं कर्म. आता दुसरं रूप पाहा, ‘पत्राच्या वाचनानं’. इथे ‘वाचन’ हे पुरतं नाम झालं. आता त्याला कर्म चालत नाही, ‘पत्राच्या’ अशी षष्ठी लागते. वाचणं आणि वाचन. एक अर्धं नाम, एक पुरतं नाम. इंग्रजीत दोघांचं रूप एकच, ‘रीडिंग’, त्यामुळे फरक आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखावा लागतो. ‘बाय रीडिंग द लेटर’ म्हणजे पत्र वाचण्यानं. ‘बाय द रीडिंग ऑफ द लेटर’ म्हणजे पत्राच्या वाचनानं. मागे ‘द’ लागला की पुढे ‘ऑफ’ हवा. ‘द’ नाही तर ‘ऑफ’ही नाही. रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूंनी, हे पुढे लंडनचे बिशप झाले, १७६२ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात नेमकं हेच बजावलं होतं, की या दोन रचनांची खिचडी करू नका. म्हणजे अठराव्या शतकात इंग्रज लोकही ही खिचडी करत होते. न करणाऱ्यांना कुणी बजावत नाही.

हे अर्धवट नामपण आलं कुठून? जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत, क्रियापदापासून नाम करणारा ‘उंग’ किंवा ‘इंग’ असा प्रत्यय होता. ‘लेओर्नुंग’ म्हणजे शिकणं, आजचं ‘लर्निंग’. तेव्हा ते शंभर टक्के नाम होतं. त्याला लिंग होतं, विभक्ती होती, आणि कर्म घ्यायची त्याची हिंमत नव्हती. दुसरीकडे वर्तमानकाळी विशेषण करणारा ‘एन्दे’ असा वेगळा प्रत्यय होता, आपल्या ‘वाहतं पाणी’मधल्या ‘त’सारखा. पुढच्या काही शतकांत हे दोन्ही प्रत्यय झिजत झिजत एकाच रूपाला आले, आयएनजी. म्हणून आज ‘स्लीपिंग बेबी’ म्हणजे झोपलेलं बाळ आणि ‘स्लीपिंग बॅग’ म्हणजे झोपण्याची पिशवी. दिसायला एक, जात वेगळी. पिशवी झोपलेली नसते.

आणि या नामानं कर्म घ्यायला सुरुवात कुठे केली? यासाठी मी हा सगळा फेरफटका घातला. मध्ययुगीन इंग्रजीच्या अभ्यासकांना असं दिसलं, की हे आयएनजीचं नाम क्रियापदासारखं वागू लागलं ते आधी प्रामुख्यानं प्रिपोझिशनच्या पुढे असतानाच. कर्त्याच्या जागी ते बराच काळ सभ्य नामासारखं बसलं. ‘इन’, ‘बाय’, ‘विदाउट’ यांच्या पुढे मात्र त्यानं कर्म घेतलं, क्रियाविशेषण घेतलं, संसार थाटला. म्हणजे आपण जो नियम पाठ करतो, प्रिपोझिशननंतर जेरंड, तो जेरंडचा नुसता एक उपयोग नाही. तो त्याचा जन्मपत्ता आहे.

मग प्रश्न येतो ‘टू’चा. खरा घोटाळा इथेच आहे. ‘इन’, ‘बाय’, ‘ऑफ’ यांच्याबद्दल फारशा चुका होत नाहीत. ‘इंटरेस्टेड इन लर्न’ असं सहसा कुणी लिहीत नाही, कारण ‘शिकण्यात रस’मधला ‘त’ आणि ‘इन’ एकमेकांना बरोबर भेटतात. ‘टू’ भेटत नाही. का? तर इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एकाच वाड्यात एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं असावीत तशी गत, आडनाव पाहून पत्र टाकणारा पोस्टमन हमखास चुकतो. एक ‘टू’ प्रिपोझिशन आहे : ‘टू पुणे’, पुण्याकडे. दुसरा ‘टू’ इन्फिनिटिव्हच्या कपाळावरचा : ‘टू गो’, जायला. पहिल्याच्या पुढे नाम हवं, म्हणून क्रियापदाला आयएनजी. दुसऱ्याच्या पुढे साधं क्रियापद.

इतिहास पाहिला तर हे दोघं एकच होते. हजार वर्षांपूर्वी पिण्याकरता म्हणायचं तर इंग्रज म्हणत ‘टो ड्रिंकेन्ने’. यातला ‘टो’ म्हणजे आजचा ‘टू’, आणि तो अस्सल प्रिपोझिशन होता. आणि ‘ड्रिंकेन्ने’ पाहा. साधं रूप ‘ड्रिंकन’. ‘टो’ पुढे आला म्हणून त्याला विभक्तीचा प्रत्यय लागून ‘ड्रिंकेन्ने’ झालं. मराठीत हे काय आहे? ‘पिणं’चं ‘पिण्या’! म्हणजे इंग्रजीला एके काळी क्रियापदाचं सामान्यरूप होतं. मग शब्दांची शेपटं झिजली. ‘एन्ने’ गेलं, नुसतं ‘ड्रिंक’ उरलं, आणि ‘टू’ बिचारा त्याच्या पुढे तसाच उभा राहिला. आज आपल्याला वाटतं की ‘टू ड्रिंक’मध्ये प्रिपोझिशनच्या नियमाला अपवाद आहे. अपवाद नाही, नियम पाळून झाला होता. पुरावा तेवढा झिजला.

मधल्या काळात तर असं झालं, की या ‘टू’मध्ये काही जोर उरला नाही असं वाटून लोक त्याच्या आधी आणखी एक ‘फॉर’ लावू लागले. ‘फॉर टू गो’. कवी चॉसरच्या इंग्रजीत हे आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही सापडतं. आपला एखादा विद्यार्थी ‘आय केम फॉर टू मीट यू’ लिहितो तेव्हा आपण लाल रेघ मारतो. तो चुकलेला नाही, चारशे वर्षं उशिरा जन्मलेला आहे.

पण परीक्षा आजच्या इंग्रजीची असते. मग दोन ‘टू’ ओळखायचे कसे? मार्गदर्शक पुस्तकांत यादी असते : ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘यूज्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘इन ॲडिशन टू’… पाठ करा. मला या याद्यांचा मनापासून राग आहे. यादी पाठ करणारा मुलगा यादीत नसलेल्या शब्दापाशी अडतो, आणि यादी नेहमीच अपुरी असते.

इंग्रजीच्या आतली एक कसोटी आहे. ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’, बसतं. म्हणजे इथे नामाची जागा आहे, तेव्हा ‘मीटिंग’. ‘आय वाँट टू इट’, बसत नाही. तेव्हा ‘मीट’. ही कसोटी सहसा फसत नाही, पण तिच्यासाठी इंग्रजी कान हवा. ज्याला तो कान आहे त्याला कसोटी कशाला लागते? म्हणून मी दुसरी सांगतो. ही मराठी कानाची आहे.

बोलीतल्या मराठीत दोन रूपं आहेत, एक ‘आय’वालं आणि एक ‘ण्या’वालं. भेटायला, भेटण्याकडे. उठायचो, उठण्याची. जायला, जाण्याला. आता ऐका.

‘मी पूर्वी पहाटे उठायचो.’ ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली.’ साधं क्रियापद.
‘मला पहाटे उठण्याची सवय आहे.’ ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ जेरंड.

‘ती एकटी जायला घाबरते.’ ‘शी इज अफ्रेड टू गो अलोन.’
‘तिला पडण्याची भीती वाटते.’ ‘शी इज अफ्रेड ऑफ फॉलिंग.’

‘त्याला मुंबईला जायचंय.’ ‘ही वाँट्स टू गो.’
‘त्याची मुंबईला जाण्याला हरकत आहे.’ ‘ही ऑब्जेक्ट्स टू गोइंग.’

‘आय’ असेल तिथे इन्फिनिटिव्ह, ‘ण्या’ असेल तिथे जेरंड. सभागृहात इंग्रजीचे शिक्षक बसलेले दिसतात, त्यांच्या कपाळावर आठी आलेली मला इथून दिसते. बरोबर आहे तुमची आठी. हे सूत्र सगळीकडे चालत नाही. ‘जायच्या आधी’ यात ‘आय’ आहे, आणि इंग्रजीत तरी ‘बिफोर गोइंग’च. ‘मला पोहायला आवडतं’ याची इंग्रजीत दोन्ही रूपं होतात. आणि कचेरीतल्या मराठीपासून तर चार हात लांब राहा, कारण तिथे ‘भेटायला’चंही ‘भेटण्यास’ होतं आणि सगळा भेद पुसला जातो. पण ‘टू’ समोर आला असता, आणि बोलीतलं मराठी घेतलं असता, हे सूत्र दहातल्या बहुतेक वेळा यादीपेक्षा बरं चालतं. आणि मुख्य म्हणजे ते मुलाजवळ आधीच आहे.

आता त्या पन्नाशीतल्या गृहस्थांकडे परत येऊ. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’. त्यांच्या मनात काय होतं? ‘आपल्याला भेटायला उत्सुक आहे.’ ‘भेटायला’, म्हणून ‘टू मीट’. ‘उत्सुक’ला त्यांनी ‘ईगर’ वापरलं असतं तर ‘ईगर टू मीट यू’ अगदी बरोबर झालं असतं. पण मधेच ‘लुक फॉरवर्ड’ हा वाक्प्रयोग आला, आणि त्याचं मराठी ‘उत्सुक असणं’ असं शब्दकोशानं सांगितलं. त्याची ठेवण मात्र तशी नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे डोळे लावून बसणं. कशाकडे? ‘आपल्याला भेटण्याकडे.’ ‘भेटण्याकडे डोळे लावून बसलोय’ असं मनात म्हणा, आणि ‘टू मीटिंग’ आपोआप येतं की नाही पाहा. चूक जेरंडची नव्हतीच. चूक कोशातल्या अर्थाची होती.

याची उलट बाजूही आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे चुकतो तो हुशार मुलगा. नियम पाळतो म्हणून चुकतो. ‘मी भाजी घेण्यासाठी बाजारात गेलो.’ ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’. ‘फॉर’ हे प्रिपोझिशन. प्रिपोझिशननंतर जेरंड. तेव्हा ‘आय वेंट टू द मार्केट फॉर बाइंग व्हेजिटेबल्स’. नियमाला धरून आहे की नाही? आहे. व्याकरणाच्या पेपरात याला काय म्हणून चूक म्हणायचं? पण इंग्रजी माणूस असं म्हणत नाही. तो ‘टू बाय’ म्हणतो.

का? कारण आपल्या ‘साठी’च्या पोटात दोन वेगळे अर्थ आहेत. ‘भाजी चिरण्यासाठी विळी’ आणि ‘भाजी घेण्यासाठी बाजारात गेलो’. पहिल्यात वस्तूचा उपयोग सांगितला आहे, दुसऱ्यात माणसाचा हेतू. मराठी दोघांना एकच ‘साठी’ देते. इंग्रजी देत नाही. वस्तूचा उपयोग सांगताना ‘फॉर’ आणि जेरंड : ‘अ नाइफ फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’. माणूस कशासाठी गेला, कशासाठी आला, हे सांगताना इन्फिनिटिव्ह : ‘ही वेंट टू बाय व्हेजिटेबल्स’. आणि गंमत बघा, बोलताना आपण काय म्हणतो? ‘भाजी घ्यायला गेलो.’ घरात कुणीही ‘घेण्यासाठी गेलो’ म्हणत नाही. निबंध लिहायला बसलो की म्हणतो! म्हणजे बोलीतलं ‘घ्यायला’ सरळ ‘टू बाय’पाशी नेत होतं. शाळेनं लिहिण्याचं मराठी शिकवलं, आणि त्या मराठीनं इंग्रजी बिघडवलं.

तिसरी एक जागा, जिथे मराठी चकवत नाही पण हातही देत नाही. ‘तो न सांगता गेला.’ इथे मराठीत शब्दयोगी अव्ययच नाही. ‘न’ आणि ‘सांगता’. मग ‘विदाउट’नंतर काय यायचं याची खूण मुलाला मिळत नाही, आणि तो ‘विदाउट टेल’च्या आसपास चाचपडतो. त्याला ‘सांगितल्याशिवाय’ आठवून द्यावं तर अर्थ सरकतो. ‘न सांगता गेला’ निराळं, ‘सांगितल्याशिवाय जात नाही’ निराळं. अशा ठिकाणी सरळ पाठच करावं. प्रत्येक गोष्टीला मराठीतून पूल बांधता येतो असा माझा दावा नाही.

आता एक जुनं भांडण सांगतो. ते फार लांबवणार नाही, पण सांगायचा मोह होतो. जेरंडचा कर्ता कुठल्या रूपात असावा? ‘आय ऑब्जेक्ट टू हिज गोइंग’ की ‘आय ऑब्जेक्ट टू हिम गोइंग’? त्याच्या जाण्याला, की तो जाण्याला? हेन्री फाउलर हे इंग्रजी वापराचे मोठे पंच. १९२६ साली त्यांचा ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’ हा कोश निघाला. त्याआधी १९०६ मध्ये, भावाबरोबर लिहिलेल्या पुस्तकातच, त्यांनी ‘हिम गोइंग’ या रचनेवर दात धरला होता. गोइंग नाम असेल तर त्याला षष्ठीच हवी, नाहीतर वाक्य पृथक्करणात बसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना उत्तर दिलं ते डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सन यांनी. परक्या देशातल्या या प्राध्यापकानं इंग्रजी लेखकांचीच वाक्यं पुढे मांडली, की हे पाहा, तुमचे नामवंत लोक शतकानुशतकं असंच लिहीत आले आहेत. फाउलर म्हणत, लिहीत असतील, पण लिहू नये.

तुमचं मत काय? इंग्रजी राहू द्या, मराठीत सांगा. ‘बाबा येण्याआधी घर आवर’ की ‘बाबांच्या येण्याआधी घर आवर’? दोन्ही म्हणतो ना आपण? पहिलं तर जास्तच. आणि ‘बाबा’ला षष्ठी नाही म्हणून घरात कुणी अडून बसलं आहे का? फाउलरसाहेब मराठी घरात जन्मले असते तर हा वाद त्यांनी घातला नसता. आजचं इंग्रजी येस्पर्सनच्या बाजूनं झुकलं आहे. औपचारिक लिहिताना ‘हिज’, बोलताना ‘हिम’, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि आताचे भाषाशास्त्रज्ञ तर आणखी पुढे गेले आहेत. २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांचं केंब्रिजचं जे प्रचंड व्याकरण आलं त्यात जेरंड आणि पार्टिसिपल, म्हणजे ‘स्लीपिंग बेबी’मधलं ते विशेषण, हा भेदच मोडीत काढला आहे. रूप एकच आहे ना, मग नावं दोन कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोन्ही नावं जोडून एकच ठेवलं. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण आपल्या वर्गात मी हा भेद सोडणार नाही. कारण मराठीत ‘वाहतं’ आणि ‘वाहणं’ ही दोन रूपं आहेत, आणि मराठी मुलाला तो फरक फुकट मिळालेला आहे. जे फुकट मिळालंय ते केंब्रिजच्या सांगण्यावरून परत का करायचं?

शेवटी अपवाद. असा नियम सांगून अपवाद लपवला तर प्रश्नोत्तरांत तुम्ही मला पकडणारच, म्हणून आधीच सांगतो. ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’. ‘ही डिड नथिंग बट क्राय.’ तो रडण्याशिवाय काही करेना. इथे मराठीत ‘रडण्या’ आहे, ‘ण्या’ आहे, शब्दयोगी अव्यय आहे, सगळं आहे, आणि इंग्रजीत मात्र साधं ‘क्राय’. माझं सूत्र इथे साफ पडलं. याचं कारण असं, की ‘बट’ इथे पुरता प्रिपोझिशन झालेला नाही. त्याच्या अंगात अजून ‘पण’ आहे. ‘नथिंग’च्या जागी जे क्रियापद येऊ शकलं असतं तेच तो पुढे ठेवतो : ‘डिड’च्या पुढे जसं साधं रूप, तसंच ‘बट’च्या पुढे. ‘ही हॅड नो चॉइस बट टू गो’मध्ये ‘चॉइस’ला ‘टू’ लागतो म्हणून ‘बट’च्या पुढेही ‘टू गो’. ‘बट’ स्वतः काहीच मागत नाही. मागचा जे मागतो ते तो पुढे सरकवतो. ‘अबाउट टू लीव्ह’ हाही असाच एक उनाड, निघायच्या बेतात असलेला. आणि पाहा, तिथे मराठीतही ‘निघायच्या’ आलं, ‘आय’ आलं.

‘बट’चं एखादं वाक्य असं सापडलं की ज्यात हे कारण लागू पडत नाही, तर ते मला ऐकायचं आहे. आता चिठ्ठ्या पाठवायला हरकत नाही.